बाहुल्यांनी दिलेली साक्ष

आपण इतरांपेक्षा कमी आहोत, ही भावना मूल आईच्या पोटातून घेऊन येत नाही. ती त्याला बाहेरून मिळते, आणि शाळेत जाण्यापूर्वीच मिळते. आज ही गोष्ट सर्वमान्य आहे. परंतु तिचा पुरावा गोळा करण्यात मोठा वाटा उचलला तो अमेरिकेतील एका कृष्णवर्णीय तरुणीने. तिचे नाव मेमी फिप्स क्लार्क.

मेमीचा जन्म १९१७ साली आर्कान्सा राज्यातील हॉट स्प्रिंग्ज या गावी झाला. तेथे काळ्यांच्या शाळा वेगळ्या, गोऱ्यांच्या वेगळ्या. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात ती गणित शिकायला गेली. तेथे केनेथ क्लार्क यांच्या सांगण्यावरून ती मानसशास्त्राकडे वळली. पुढे दोघांचा विवाह झाला. केनेथची आई न्यूयॉर्कमध्ये कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करून मुलांना वाढवत होती. शाळेने मुलाला धंदेशिक्षणाकडे पाठवावे असे सुचवले, तेव्हा या कामगार आईने ठाम नकार दिला होता.

१९३८ च्या उन्हाळ्यात मेमीने चार्ल्स ह्यूस्टन या कृष्णवर्णीय वकिलांच्या कचेरीत नोकरी केली. भेदभावाविरुद्धच्या खटल्यांची तयारी तिने तेथे जवळून पाहिली. १९३९ साली एम.ए.च्या प्रबंधासाठी तिने विषय घेतला तो असा : आपण काळे आहोत हे लहान मुलाला केव्हा कळते? यातूनच बाहुल्यांचा प्रसिद्ध प्रयोग निघाला. मूळ काम मेमीचे, आपण त्यात मागाहून शिरलो, असे केनेथ स्वतः सांगत.

प्रयोग अगदी साधा होता. चार बाहुल्या, दोन काळसर आणि दोन गोऱ्या. रंग व केस सोडले तर बाकी सर्व सारखे. तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांना एकेक प्रश्न विचारला. खेळायला कोणती आवडेल? १०० पैकी ६७ मुलांनी गोरी बाहुली मागितली. वाईट कोणती दिसते? ५९ टक्क्यांनी काळसर बाहुलीकडे बोट दाखवले. शेवटी विचारले, तुझ्यासारखी कोणती? तेव्हा काही मुले रडू लागली, काही खोलीबाहेर पळाली. जिला वाईट म्हटले, तिच्यातच आता स्वतःला पाहायचे होते!

हे निष्कर्ष १९४७ साली प्रसिद्ध झाले. दरम्यान पतिपत्नी दोघांनीही कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली होती. १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकले, तेच हे विद्यापीठ.

पुढे साउथ कॅरोलायनातील क्लॅरेंडन परगण्यात गरीब पालकांनी मुलांसाठी शाळेची बस मागितली. गोऱ्या मुलांना बस होत्या, यांच्या मुलांना मैलोगणती पायपीट. मागणीचा खटला झाला. अर्जावर सही करणाऱ्या हॅरी ब्रिग्ज यांची पेट्रोल पंपावरील नोकरी गेली, त्यांच्या पत्नीचीही गेली. पण त्यांनी माघार घेतली नाही. १९५१ साली केनेथ बाहुल्या घेऊन तेथे गेले. त्यांनी १६ मुलांना तपासले. त्यांपैकी ११ जणांनी काळसर बाहुलीला वाईट म्हटले.

हा खटला इतर चार खटल्यांसह सर्वोच्च न्यायालयात गेला. १७ मे १९५४ रोजी नऊही न्यायाधीशांनी एकमताने निर्णय दिला : वेगळ्या शाळा समान असूच शकत नाहीत, कारण वेगळे ठेवण्यानेच मुलाच्या मनात हीनभाव रुजतो. निकालाच्या तळटीपेत क्लार्क यांच्या अभ्यासाचा उल्लेख आहे.

या प्रयोगावर टीकाही झाली, आणि ती ऐकण्यासारखी आहे. मॅसॅच्युसेट्समधील मिश्र शाळांतल्या मुलांनीही गोरीच बाहुली पसंत केली होती. म्हणजे दोष केवळ शाळेच्या भिंतीचा नव्हता. चित्रे, खेळणी, मोठ्यांची बोलणी हे सारेच मुलाला शिकवत होते. म्हणूनच क्लार्क दांपत्याने १९४६ साली हार्लेम वस्तीत मुलांसाठी व पालकांसाठी मार्गदर्शन केंद्र काढले होते.

मातापित्यांनो, कायदा शाळेचे दार उघडतो. पण त्या दारातून आत जाणाऱ्या मुलाची मान ताठ राहील की नाही, हे पुष्कळदा घरात ठरते. मुलाच्या रंगाला, नाकाला, बोलीला थट्टेतही नावे ठेवू नका. तीन वर्षांचे पोर सगळे ऐकत असते.