ठिपका दिसेपर्यंत

अंडकोशाचा तुकडा डिशमधल्या खारट द्रावणात पडतो, तेव्हा त्यात सगळ्या वयांच्या अंडपेशी एकमेकींना बिलगून असतात. काही बारीक आणि पारदर्शक, काही दुधी, आणि काही पूर्ण वाढलेल्या: जेमतेम सव्वा मिलिमीटरच्या, वरचा अर्धा भाग गडद तपकिरी, खालचा पिवळसर. आम्हाला हव्या असतात त्या या शेवटच्या. बेडकीला भूल देऊन, पोटावर लहानशी चीर घेऊन हा तुकडा काढलेला असतो. टाके घातले की ती परत टाकीत.

पुढचं काम चिमट्यांचं. घड्याळजी वापरतात तसले टोकदार चिमटे दोन्ही हातांत धरायचे. एकाने अंडपेशीभोवतीचा पापुद्रा पकडायचा, दुसऱ्याने सोलायचा. कोलॅजिनेज नावाचं विकर घातलं तर शेकडो अंडपेशी एका दमात सुट्या होतात, आणि घाई असली की सगळे तेच करतात. पण हाताने सोललेल्या जास्त टिकतात, असं माझं ठाम मत आहे. मान मात्र धरते.

ही बेडकी म्हणजे झेनोपस लेव्हिस. दक्षिण आफ्रिकेकडची, जन्मभर पाण्यात राहणारी, जीभ नसलेली, मागच्या पायांना काळी नखं असलेली. आपल्याकडचे भेक आणि बेडूक पहिल्या पावसाची वाट बघतात. हिला बारा महिने इंजेक्शन पुरतं. १९३०च्या सुमारास केपटाउनमध्ये लॅन्सलॉट हॉगबेन यांना दिसलं की पोष ग्रंथीचा अर्क टोचला की ही मादी अंडी घालते. त्यातूनच गर्भचाचणी निघाली. बाईची लघवी बेडकीला टोचायची आणि सकाळी टाकीत अंडी आहेत का ते बघायचं. कित्येक वर्षं दवाखाने याच उत्तरावर विसंबून होते.

शरीरात पोष ग्रंथीचं संप्रेरक थेट अंडपेशीशी बोलत नाही. ते भोवतालच्या पुटक पेशींना उठवतं, आणि त्या स्टेरॉइड तयार करतात. डिशमध्ये पापुद्रा सोललेला असल्यामुळे ते स्टेरॉइड आम्हीच घालतो. अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं प्रोजेस्टेरॉन, अगदी थेंबभर. शेजारच्या डिशमध्ये नुसतं अल्कोहोल, तुलनेसाठी. दोन्ही डिश अठरा अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये जातात आणि वाट पाहणं सुरू होतं.

ही अंडपेशी अर्धसूत्री विभाजनाच्या पहिल्याच पायरीवर महिनोन्‌महिने थांबलेली असते. तिचं केंद्रक प्रचंड, जवळजवळ ०.४ मिलिमीटरचं, बाहेर काढलं तर नुसत्या डोळ्यांना दिसेल. संप्रेरक लागू पडलं की ते वरच्या काळ्या टोकाकडे सरकतं, त्याचं आवरण विरघळतं, रंगद्रव्य बाजूला सारलं जातं आणि तिथे एक पांढरा ठिपका उमटतो. आमचं मोजमाप एवढंच. दर अर्ध्या तासाने डिश काढायची, ठिपके मोजायचे, वहीत आकडा लिहायचा. शंका आली तर अंडपेशी ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्लात टाकून घट्ट करायची, पात्याने मधोमध कापायची आणि केंद्रक आहे का गेलं ते बघायचं.

एकाच बेडकीच्या, एकाच डिशमधल्या अंडपेशी. एकीला तीन तासांत ठिपका येतो, शेजारचीला सहा लागतात, तिसरी दुसऱ्या दिवशीही काळीच. संप्रेरकाची मात्रा कमी केली की निम्म्यांना ठिपका येतो, निम्म्यांना नाही. अर्धवट पिकलेली मात्र एकही सापडत नाही. सगळ्या अंडपेशी एकत्र वाटून प्रथिनांची मोजदाद केली, तर आलेख हळूहळू चढताना दिसतो आणि आपण फसतो. १९९८ मध्ये जेम्स फेरेल आणि एरिक मॅक्लेडर यांनी अंडपेशी एकेक करून तपासल्या. मॅप काइनेज हे प्रथिन प्रत्येकीत एकतर पूर्ण जागं होतं किंवा पूर्ण निद्रिस्त. डिशची सरासरी ही कुठल्याच अंडपेशीची खरी गोष्ट नव्हती.

असं का, याचं उत्तर आतल्या साखळीत आहे. प्रोजेस्टेरॉन अंडपेशीच्या पोटात टोचलं तर काही होत नाही, ते पृष्ठभागावरच लागावं लागतं. मग आतलं सायक्लिक एएमपी, म्हणजे पेशीतला एक निरोप्या रेणू, घटतं, आणि आधीपासून साठवून ठेवलेल्या आरएनएवरून मॉस नावाचं प्रथिन बनू लागतं. मॉस मॅप काइनेजला उठवतं, मॅप काइनेज उलट मॉसला बळ देतं. हे चक्र एकदा फिरलं की परत फिरणं नाही.

पिकण्याचा निर्णय केंद्रकात होत नाही, हे ही साखळी उलगडण्याच्या कितीतरी आधी कळलं होतं. १९७१ मध्ये योशिओ मासुई आणि क्लेमेंट मार्कर्ट यांनी लेपर्ड फ्रॉगच्या पिकलेल्या अंडपेशीतलं थोडं पेशीद्रव ओढून न पिकलेल्या अंडपेशीत टोचलं. संप्रेरकाशिवाय ती पिकली. देणाऱ्या अंडपेशीचं केंद्रक आधीच काढून टाकलं असलं तरी तिच्या पेशीद्रवाला हे जमत होतं. त्या अदृश्य घटकाला एमपीएफ नाव मिळालं. १९७९ मध्ये पोटु राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विभाजन चालू असलेल्या माणसाच्या हेला पेशींचा अर्क झेनोपसच्या अंडपेशीत टोचला, आणि त्यानेही तिचं केंद्रक विरघळलं. म्हणजे हा घटक फक्त अंड्यांचा नव्हताच. तो शुद्ध स्वरूपात हाती यायला १९८८ उजाडलं. तो सायक्लिन आणि सीडीसी-२ यांची जोडी निघाला. पेशीचक्रासाठी २००१चं नोबेल हार्टवेल, हंट आणि नर्स यांना मिळालं. मासुईंचं नाव त्यात नव्हतं. मला ते अजून खटकतं.

आणखी एक गंमत २००१ मध्ये पुढे आली. झेनोपसचा अंडकोश प्रोजेस्टेरॉनपेक्षा अँड्रोजेन गटातली स्टेरॉइड्स खूप जास्त तयार करतो, आणि त्यांनीही अंडपेशी पिकतात. आमच्या शेल्फवर बाटली अजून प्रोजेस्टेरॉनचीच असते. ती दरवेळी काम करते, मग बदलणार कोण?

ठिपका आला म्हणजे काम संपलं नाही. अंडपेशी दुसऱ्या विभाजनाच्या मध्यावर पुन्हा थांबते, आणि शुक्राणूमुळे आत कॅल्शियमची लाट उठेपर्यंत तिथेच राहते. पण डिशमध्ये पिकलेलं अंडं शुक्राणू घातले तरी सहसा फलित होत नाही, कारण त्याच्यावर जेलीचा थर नसतो. तो थर बीजवाहिनीतून उतरतानाच चढतो. म्हणून फलन हवं असेल तर ही अंडी वेगवेगळ्या रंगांत रंगवतात, अंडी घालायच्या बेतात असलेल्या दुसऱ्या मादीच्या पोटात सोडतात आणि तिने घातलेल्या ढिगातून आपापल्या रंगाची निवडून घेतात.