घोरणं, नाडी आणि लकवा

गडचिरोलीच्या खेड्यांत माणसं सर्वाधिक कशाने मरतात? मलेरियाने नाही, वाघाने तर नाहीच. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांतले मृत्यू दोन वर्षं नोंदवले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १,५९९ पैकी २२९ मृत्यू, म्हणजे सातातला एक, लकव्याने झालेले निघाले.

लकव्यामागे बहुतेकदा उच्च रक्तदाब असतो. पण एक वाट झोपेतून जाते, आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. दिवसभर राबलेला माणूस घोरणारच, असं आपण म्हणतो. काहींचा मात्र घोरता घोरता घसाच मिटतो. छाती हवा ओढत राहते, हवा येत नाही. आतला दाब उणा होऊन हृदयाचे वरचे, पातळ भिंतींचे कप्पे ताणले जातात. ऑक्सिजन घसरतो, मेंदू दचकतो, रक्तदाब उसळतो. आजार तीव्र असेल तर तासाला तीसहून अधिक वेळा! वर्षानुवर्षं ताणलेल्या कप्प्यांत व्रण धरतात आणि ठोक्यांची लय सुटते. हे एट्रियल फिब्रिलेशन. कप्पा नुसता थरथरतो, रक्त साचून गुठळी होते, ती मेंदूत पोचली की लकवा. लय अशी सुटली की लकव्याचा धोका सुमारे पाचपट.

घसा उघडा ठेवायला नाकावाटे हवेचा दाब देणारं सीपॅप यंत्र सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१मध्ये आणलं. २००३मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने पाहिलं, की विजेच्या झटक्याने ताळ्यावर आणलेले ठोके वर्षभरात पुन्हा बिघडण्याचं प्रमाण श्वासाचा उपचार न घेणाऱ्यांत ८२ टक्के, घेणाऱ्यांत ४२ टक्के होतं. आकडे भुलवणारे आहेत. पण रुग्ण थोडे होते आणि यंत्र कोणाला द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. पुढे नॉर्वेत तसं ठरवून चाचणी झाली, तेव्हा पाच महिन्यांत ठोक्यांत फरक दिसला नाही. म्हणून मास्क लावला की हृदय बरं, हे कोणी सांगितलं तरी मानू नये. झोप सुधारते, रक्तदाब थोडा उतरतो, तेवढं खरं.

दारू घसाही सैल करते आणि ठोकेही बिघडवते. गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे, चंद्रपूरची २०१५ची बंदी २०२१मध्ये उठली. रात्रीचा पेला दोन्हीकडे भरतोच.

घरातलं कोणी घोरता घोरता श्वास अडकून दचकत असेल आणि मनगटाची नाडी वेडीवाकडी लागत असेल, तर आरोग्य केंद्रात दोन्ही गोष्टी एकत्र सांगा, ईसीजी काढून घ्या. गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.