आपल्या धुऱ्यावरची ‘क्रॅनबेरी’

क्रॅनबेरी थंड मुलखातल्या पाणथळ, आम्लधर्मी जमिनीतली; भातकुलीच्या खारपाणपट्ट्यात ती कशी येणार? पण तिचा आंबट, लालभडक रस हवा असेल तर लाल अंबाडी आहे. अमेरिकेत हिलाच ‘फ्लोरिडा क्रॅनबेरी’ म्हणतात. आपण मात्र भाजी-भाकरीपुरती तिची आठवण ठेवतो, याची खंत वाटते.

हिवाळ्याच्या तोंडाशी फुलं गळली की मागे मांसल लाल पाकळ्या (खरं तर निदलं) उरतात. मधलं बियांचं बोंड काढून त्या धुवाव्यात. वाटीभर पाकळ्या चार वाट्या पाण्यात दहा मिनिटं उकळून, झाकून, गार झाल्यावर गाळाव्यात. भांडं स्टीलचंच घ्यावं. आंबट रस अॅल्युमिनियमला लागतो. गूळ चवीला छान, पण रंग मळकट करतो. साखर घातली तर माणकासारखा राहतो. रस फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतो.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात ६५ जणांपैकी काहींना सहा आठवडे रोज तीन कप अंबाडीचा चहा दिला; त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी सात अंकांनी उतरला. म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी विचारा. लघवीच्या संसर्गावरचे क्रॅनबेरीचे निष्कर्ष मात्र अंबाडीला लावू नका.