इंग्रजी कादंबरीतील पाद्र्याचे घर

इंग्रजी कादंबरीत पाद्र्याचे घर वारंवार येते. बाग, शेजारचा चर्चचा मनोरा आणि ग्रंथांनी भरलेली खोली असे त्याचे रम्य चित्र वाचकाच्या मनावर ठसलेले असते. परंतु या घराचे वाङ्मयीन महत्त्व त्याच्या रम्यतेत नसून त्यावरील हक्काच्या स्वरूपात आहे. इंग्लंडच्या प्रस्थापित चर्चमध्ये हे घर पदाला जोडलेले असे, कुटुंबाला नव्हे. आपल्याकडील वतन पिढीजात चाले. हे घर मात्र पदाबरोबर येई व पदाबरोबरच जाई. पाद्री निवर्तला की त्याच्या विधवेला व मुलींना ते सोडावे लागे.

या घराच्या नावांतही भेद आहेत. 'पार्सनेज' हा शब्द सामान्य अर्थाचा. 'रेक्टरी' व 'व्हिकरेज' यांतील भेद मुळात उत्पन्नाचा. रेक्टरला धर्मक्षेत्रातील दशमांश पूर्णपणे मिळे, व्हिकरला बहुधा त्यातील लहान वाटा. घराच्या नावावरूनच राहणाऱ्याच्या प्राप्तीची कल्पना येई.

जेन ऑस्टेन १७७५ मध्ये स्टीव्हन्टनच्या रेक्टरीत जन्मली. १८०१ मध्ये वडिलांनी तेथील काम थोरल्या मुलाकडे सोपविले आणि तिला ते घर सोडावे लागले. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) या कादंबरीत कॉलिन्सचे घर लेडी कॅथरिनच्या वाड्यानजीक आहे. पाद्र्याची नेमणूक तिच्या हाती असल्याने कपाटातील फळ्यांविषयीही ती सल्ला देते. अशा घरात शार्लट आपल्या बैठकीसाठी मागील बाजूची कमी प्रशस्त खोली निवडते, कारण तेथे पतीचे येणे कमी होते. परस्वाधीन घरात स्वतःचा एक कोपरा राखण्याचा हा प्रयत्न होय.

ट्रोलपच्या 'द वॉर्डन' (१८५५) मध्ये हार्डिंग हा पाद्री वृद्धांच्या एका धर्मादाय संस्थेचा प्रमुख आहे. आपल्या प्राप्तीच्या न्याय्यतेविषयी शंका उत्पन्न होताच तो पद सोडतो आणि त्याबरोबर घरही. 'फ्रॅम्ली पार्सनेज' (१८६१) मध्ये तरुण मार्क रोबार्ट्स दुसऱ्याच्या हुंडीवर सही करून बसतो आणि घरातील सामानाची मोजदाद करण्यास जप्तीची माणसे येतात. दोन्ही ठिकाणी घर हीच सदसद्विवेकाची कसोटी ठरते.

कादंबरीबाहेरचे उदाहरण हॉवर्थचे. पॅट्रिक ब्रॉन्टे १८२० मध्ये तेथे आले. त्यांच्यामागे मुलींना घर उरणार नव्हते. अध्यापनाची नोकरी आणि शाळा काढण्याचा बेत यांमागे ही जाणीव होती. प्रत्यक्षात सहाही अपत्ये त्यांच्या आधी गेली. १८६१ मध्ये ते निवर्तले. शार्लटचे पती निकल्स यांना ते पद मिळाले नाही आणि सामानाचा लिलाव झाला. १९२८ पासून तेथे ब्रॉन्टे कुटुंबाचे संग्रहालय आहे. ज्या घरावर कुटुंबाचा हक्क नव्हता, ते आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

'आश्रय' आणि 'आश्रित' हे शब्द एकाच धातूपासून आले आहेत. पाद्र्याच्या घरात हे दोन्ही अर्थ एका छपराखाली नांदतात. म्हणून या कादंबऱ्या वाचताना घर कसे आहे याबरोबरच ते कोणाच्या मर्जीने व किती काळ आहे, हेही पाहिले पाहिजे.