तरवडाच्या बुडात

पहाटे साडेपाच. घराजवळच्या सात रस्ता चौकात चहाची पहिली गाडी लागायच्या आत स्कूटर काढतो. डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी. पिशवीत भिंग, फूटपट्टी, वही. खुरपं घरीच राहतं.

साडेसहा. शहर ओलांडून बार्शी रस्त्याने नान्नजच्या अलीकडचं गायरान. पुढे १९७९ साली जाहीर झालेलं माळढोकचं अभयारण्य. तिथे परवानगीशिवाय जायचं नाही. शोधायची आहे माकडशिंगी. बिनपानांची, चौकोनी, बोटाएवढ्या जाडीची रसाळ वनस्पती. दिवसा पाणी उडू नये म्हणून अशी रसाळ झाडं रात्रीच हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि पहाटेपर्यंत आम्लाच्या रूपात साठवतात. म्हणूनच अशाच पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं, दुपारी बेचव, हे भारतात राहिलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी चाखून पाहिलं होतं. त्यांचं पत्र १८१५ साली छापलं गेलं. कारण मात्र पुढच्या पिढ्यांना कळलं.

आठ. बांधावर फड्या निवडुंग दिसतोच, पण तो अमेरिकेतून आलेला. माझ्या वहीत त्याला जागा नाही. कांडवेल बाभळीवर चढलेली. माकडशिंगीचा पत्ता नाही. उघड्या मुरमावर डोळे ताणत फिरतो.

नऊच्या सुमारास मेंढ्या घेऊन एक मामा येतात.

"काय हुडकायलाव सर?"

सांगितलं.

"उघड्यावर कुठं घावती? तरवडाच्या बुडात बघा. शेरडं खाऊन टाकत्यात की."

लहानपणी उपाशी पोटी मेंढरामागे फिरताना तेही ती मोडून खायचे. भूक मारते म्हणून तिच्या अर्काच्या गोळ्या आज परदेशात विकल्या जातात, हे ऐकून मामा पोटभर हसले.

साडेनऊ. पोटावर झोपून तरवडाच्या फांद्या बाजूला केल्या, तर राखी-हिरवी कांडी उभी. टोकाशी जांभळट फुलं, कडेला बारीक केसांची झालर; त्यांवर माश्या. झुडूप सावली देतं आणि शेरडांच्या तोंडापासून राखतं. तिच्या केसाळ बिया वाऱ्याने येऊन त्याच्याच बुंध्याशी अडकतात. म्हणून माकडशिंगी मोजायची तर आधी तरवड आणि बोरी मोजाव्या लागतात. उंची, फुलं, शेजारचं झुडूप लिहिण्यात दुपार होते.

बारा. लिंबाखाली भाकरी. ऊन भाद्रपदाचं, म्हणजे बोलायलाच नको.

तीन. माळाच्या दुसऱ्या अंगाला यंत्राने मुरूम उपसलेला. तिथे तरवड नाही, मग बाकी काय असणार! माकडशिंगीचीच नातलग शिंदळ माकुडी. वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी १८६०च्या दशकात तिला मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव दिलं. तिच्यासाठी लोक जुन्नर-पुरंदरचे कडे चढतात. माळासाठी कोणी उन्हात उभं राहत नाही.

सहा. सात रस्ता. वही नीट उतरवून काढली.

पावसाळ्यात माळावर झाडं लावायला निघालात, तर खड्डा घेण्याआधी झुडपाखाली वाकून बघा. माकडशिंगी सापडली तर फोटो काढा, उपटू नका. आणि जागा कुणाला सांगू नका.