राष्ट्रपतींची शपथ पोरांना समजवायचीय? जुना पेपर काढा!

"पप्पा, राष्ट्रपती मोठे का पंतप्रधान?" पाचवीतल्या पोरीने विचारलं अन् मी गडबडलो. बातम्या लिहितो, पण उत्तर नीट देता आलं नाही. मग माळ्यावरच्या रद्दीतून २६ जुलै २०२२ चा पेपर काढला. आदल्या दिवशी द्रौपदी मुर्मू यांनी राष्ट्रपतीपदाची शपथ घेतली होती. त्या एका पेपरवर आमचे चार दिवस अभ्यासाचे गेले. शाळेत गुरुजींनाही हे सहज जमेल.

१) पाच प्रश्न : कोणी शपथ घेतली, कोणी दिली, कधी, कुठे, कशाची? उत्तरं बातमीतच शोधायची. शपथ देतात सरन्यायाधीश. जागा होती संसदेचं सेंट्रल हॉल. शपथ असते संविधानाचं रक्षण करण्याची आणि जनतेची सेवा करण्याची.

२) फोटोखालची ओळ : फोटो कापून वहीत चिकटवा. खालची ओळ पोरांनी स्वतः लिहायची.

३) गणित : राष्ट्रपती निवडायला आपण थेट मत देत नाही, निवडून आलेले खासदार-आमदार देतात. २०२२ ला महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य होतं १७५. १९७१ ची लोकसंख्या ५,०४,१२,२३५. तिला २८८ आमदारांनी भागा, परत १००० ने भागा. उत्तर पोरांनाच काढू द्या.

४) पायऱ्या : मुर्मू ओडिशातल्या उपरबेडा गावच्या. शिक्षिका होत्या. १९९७ ला रायरंगपूरला नगरसेविका झाल्या, पुढे आमदार, मंत्री, झारखंडच्या राज्यपाल, मग राष्ट्रपती. हा जिना वहीत काढायचा. शेजारी आपल्या जळगाव जिल्ह्यात जन्मलेल्या प्रतिभाताई पाटलांचा जिना. त्या २००७ ला पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या.

५) वर्गात शपथविधी : एकजण सरन्यायाधीश, एकजण राष्ट्रपती, बाकीचे पत्रकार. दहा ओळींत बातमी लिहायची. ज्यानं न बघितलेलं लिहिलं, त्याची बातमी परत.

हा शेवटचा खेळ सगळ्यात कामाचा. व्हॉट्सअॅपवर आलेलं पुढं ढकलायच्या आधी "हे कोणी बघितलं?" असं पोरगं विचारायला लागतं. आमच्या घरी आता मलाच विचारतात.

अन् पोरीच्या प्रश्नाचं उत्तर? मान राष्ट्रपतींचा पहिला, देशाचा कारभार त्यांच्या नावानं चालतो. पण रोजचा कारभार हाकतात पंतप्रधान आणि त्यांचं मंत्रिमंडळ.

राष्ट्रपतींची मुदत ५ वर्षांची. म्हणजे पुढचा शपथविधी जुलै २०२७ मध्ये. त्या दिवसानंतरचा पेपर रद्दीत घालू नका, शाळेत नेऊन द्या.