मुळशीचे पाणी जाते त्या रेवदंड्याला

मुळशीची मुळा नदी मूळची पूर्वेकडे जाणारी. तिचे पाणी पुण्यावरून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळायचे. टाटांच्या धरणाने ही वाट फिरवली. 1921 साली सेनापती बापटांसह मावळ्यांनी सत्याग्रह केला, तरी जमिनी पाण्याखाली गेल्याच. 1927 पासून हे पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरातून कुंडलिका नदीत पडते आणि कोलाड, रोहा करीत खाडीला जाते. खाडीच्या मुखाशी रेवदंडा आहे. आपल्या पाण्याचे हे शेवटचे गाव कसे आहे, ते पाहू या.

रेवदंडा व लगतचे चौल हे फार जुने बंदर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक दर्यावर्दींनाही ते ठाऊक होते. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी विकायला एक घोडा घेऊन येथेच उतरला. पुढे पोर्तुगीज आले. 1508 साली येथल्या समुद्रात इजिप्तच्या आरमाराने त्यांना हरवले, तरी 1521 ते 1524 या काळात त्यांनी निजामशहाच्या परवानगीने रेवदंड्यास कोट बांधलाच. 1740 मध्ये तो मराठ्यांकडे आला. मुंबई वाढली तसा चौलचा व्यापार तिकडे गेला.

राज्ये गेली, पण गाव उठले नाही. आज पडक्या तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. सातखणी नावाचा पडका मनोरा अजून उभा आहे. शेजारच्या थेरोंड्याचे कोळी बांधव समुद्रावर जातात. जून-जुलैत मासेमारी बंद, म्हणून त्याआधीच बोंबील, जवळा वाळवून ठेवायचा. आपण पावसाळ्यासाठी शेणी, सरपण भरतो, तशीच ही त्यांची बेगमी.

त्यांची काळजीही आपल्यासारखीच आहे. रोह्याजवळ धाटावला रासायनिक कारखाने उभे राहिले आणि पुढे प्रदूषित नद्यांच्या सरकारी यादीत कुंडलिकेचे नाव लागले. पाणी बिघडले की खाडीतली मासळी घटते आणि जाळे रिकामे येते. आपली जमीन पाण्याखाली गेली, त्यांचे पाणीच नासू पाहते आहे. दोन्ही ठिकाणी लाभ एकाचा आणि झीज दुसऱ्याची.

तेव्हा बाजारात सुकट घेताना कोळणीशी नुसती घासाघीस करू नका. यंदा खाडी कशी आहे, हेही तिला विचारा. तिच्या खाडीत आपल्या मुळशीचे पाणी आहे.